मुलीने विचारलं, ‘वॉशिंग्टन चांगला माणूस होता का?’

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सहावीतली मुलगी शाळेच्या सहलीला माउंट व्हर्ननला, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाड्याला, जाऊन आली आणि रात्री जेवताना म्हणाली, ‘बाबा, जॉर्ज वॉशिंग्टन चांगला माणूस होता का? त्याच्याकडे गुलाम होते म्हणे.’ तुम्ही ‘त्या काळी सगळेच ठेवायचे गं’ म्हणून विषय मिटवलात, पण ते तुमचं तुम्हालाच पटलं नाही. पुढच्या महिन्यात साताऱ्याहून आई-बाबा येतायत, त्यांनाही तिथे न्यायचं ठरलंय. आणि गेल्याच वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर या देशाच्या संस्थापकांबद्दल असलं काही मुलीच्या मनात भरवावं का, हा संकोचही आहे.

मी सतरा वर्षं वॉशिंग्टन शहर आणि व्हर्जिनियातली ही ठिकाणं मराठी पाहुण्यांना दाखवते आहे. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, सुट्टीतली कुटुंबं, कधी महाराष्ट्र मंडळाची अख्खी बस. तुमच्या मुलीचा प्रश्न मला दर दोन-तीन फेऱ्यांमागे एकदा येतो, आणि बहुतेक वेळा लहान मुलांकडूनच येतो. मोठी माणसं मनात ठेवतात.

मुलीला चारित्र्याचा दाखला हवाय असं आपल्याला वाटतं आणि आपण गडबडतो. तिची अडचण वेगळी आहे. तिला एकाच दिवशी एकाच माणसाबद्दल दोन गोष्टी दोन वेगळ्या जागी सांगितल्या गेल्या. वाड्यात सेनापती, पहिले राष्ट्राध्यक्ष, दोन कारकीर्दींनंतर आपणहून पायउतार झालेले वॉशिंग्टन. बाहेरच्या बाजूला गुलामांच्या खोल्या, एकावर एक फळ्यांचे बिछाने, एक चूल. दोन्हीकडचा माणूस एकच, हे जोडून कुणी सांगितलं नाही, म्हणून जोडायचं काम ती तुमच्याकडे घेऊन आली. ‘त्या काळी सगळेच’ म्हटल्यावर त्या दोन खोल्यांमधलं दार पुन्हा लागलं. माझा सगळा भर ते दार उघडं ठेवण्यावर असतो. ज्या वाक्यात वॉशिंग्टन येतात, त्याच वाक्यात त्यांनी गुलामीत ठेवलेलं माणूस नावानिशी आलं पाहिजे.

किती सांगायचं हे मुलीच्या वयावर आणि स्वभावावर आहे. आठ वर्षांच्या मुलाला मी लिलाव सांगते तो एका कुटुंबाची ताटातूट म्हणून. फटके, लैंगिक अत्याचार सांगत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला तेही सांगते, कारण ते वगळलं तर तिला कळतं की काहीतरी झाकलंय. शाळेत काय शिकवलं, वर्गातल्या मैत्रिणींपैकी कुणाच्या पणज्या-खापरपणज्या याच मातीत राबल्या, यावरही सुरुवात ठरते. हे तुम्ही जाणता, मी जाणत नाही. पण सांगायच्या पद्धतीबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत.

पहिलं मराठीबद्दल आहे. सुरुवातीची काही वर्षं मी सांगायची, ‘वॉशिंग्टन पहाटे उठायचे, त्यांचा स्वयंपाकी हर्क्युलिस चूल पेटवायचा.’ एकदा एका निवृत्त शिक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘बाई, मालकाला अहो-जाहो आणि आचाऱ्याला अरे-तुरे, हे तुम्ही ठरवून करता का?’ मी ठरवून करत नव्हते, आणि तेच मला लागलं. इंग्रजीत हा पेच येतच नाही, मराठीत क्रियापदाच्या शेपटीवरच कोण मोठा आणि कोण छोटा ते ठरून जातं. तेव्हापासून माझ्या तोंडी सगळे ‘ते’ आणि ‘त्या’. हर्क्युलिस चूल पेटवायचे. ओना जज शिवणकाम करायच्या. पाहुणे पहिल्यांदा चमकून बघतात, दहा मिनिटांत त्यांच्याही तोंडी तेच येतं. आई-बाबांना सांगताना तुम्ही एवढं जरी केलंत, तरी त्यांना पुष्कळ काही न सांगता कळेल.

आता मुलीला सांगायचं काय. वॉशिंग्टन 11 वर्षांचे असताना, 1743 मध्ये, वडील वारले आणि वारशात त्यांना दहा माणसं मिळाली. म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाचा मुलगा दहा माणसांचा मालक झाला. तो आकडा वाढत गेला. 1799 मध्ये माउंट व्हर्ननवर 317 माणसं गुलामीत होती. ‘वॉशिंग्टननी मृत्युपत्रात गुलामांना मुक्त केलं’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते खरं आहे, पण अर्धं. त्या 317 पैकी 123 त्यांच्या मालकीची होती. 153 होती पत्नी मार्था यांच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या मालमत्तेतली. त्यांचा उपभोग मार्थांना हयातभर, पुढे मालकी कस्टिस वारसांची. त्यांना मुक्त करायचा हक्क वॉशिंग्टनना कायद्यानेच नव्हता. उरलेली शेजाऱ्यांकडून भाड्याने आणलेली होती.

कागदावर हे दोन हिशेब वेगळे होते, झोपडीत नव्हते. चाळीस वर्षांत या दोन्ही ‘खात्यां’तल्या माणसांनी आपसात लग्नं केली होती, आणि मूल आईच्या मालकाचं, हा व्हर्जिनियाचा कायदा. त्यामुळे कुठे बाप सुटला आणि बायको-मुलं कस्टिसांकडे गेली, कुठे याच्या उलट झालं. मृत्युपत्राप्रमाणे लगेच मुक्त झालेला माणूस एकच, विल्यम ली. स्वातंत्र्ययुद्धभर वॉशिंग्टन यांच्या शेजारी घोड्यावर असलेले. त्यांना वर्षाला 30 डॉलर नेमून दिले होते. बाकीच्यांची सुटका मार्थांच्या मृत्यूनंतर व्हायची होती. म्हणजे शंभरावर माणसांचं स्वातंत्र्य एका बाईच्या श्वासावर टांगलेलं, आणि ती बाई त्यांच्याच मधोमध राहणारी. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ॲबिगेल ॲडम्स डिसेंबर 1800 मध्ये तिथे गेल्या होत्या. आपला जीव यांच्या हाती सुरक्षित नाही असं मार्थांना वाटतं, असं त्यांनी पत्रात लिहून ठेवलंय. 1 जानेवारी 1801 ला मार्थांनी त्या माणसांना मुक्त केलं. स्वतःच्या बाजूच्या माणसांना नाही.

मुलीला एवढे आकडे सांगू नका. तिला एक दिवस सांगा, 21 मे 1796.

तेव्हा राजधानी फिलाडेल्फियात होती आणि राष्ट्राध्यक्षांच्या घरात गुलामीतली माणसं कामाला होती. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यात अशी तरतूद होती, की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राज्यात राहिला तर तो स्वतःला मुक्त म्हणवून घेऊ शकतो. वॉशिंग्टन काय करायचे, तर मुदत भरत आली की या माणसांना काहीतरी निमित्त काढून राज्याबाहेर पाठवायचे. एप्रिल 1791 मध्ये त्यांनी चिटणीस टोबायस लिअर यांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे: हे अशा सबबीखाली करा, की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही. मला विचाराल तर वॉशिंग्टन यांच्याविषयीच्या सगळ्या कागदांत हे पत्र सर्वांत जड आहे. ‘त्यांना यात काही वावगं वाटतच नव्हतं’ हा बचाव ते पत्र मोडून काढतं. वावगं नसतं तर लपवायचं कशाला?

ओना जज तेव्हा बावीस-तेवीस वर्षांच्या, मार्थांच्या खास दासी. त्यांच्या कानावर आलं की मार्था आपल्याला नातीच्या लग्नाची भेट म्हणून देणार आहेत. घरात व्हर्जिनियाला परतायची बांधाबांध चाललेली. पुढे म्हातारपणी, 1845 मध्ये, त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलं: ते व्हर्जिनियाला जायला सामान बांधत होते आणि मीही बांधत होते, कुठे जायचं ते मला ठाऊक नव्हतं, वॉशिंग्टन यांच्या घरातून मी निघाले तेव्हा ते जेवायला बसले होते.

हे वाक्य मी जेवणघरात उभं राहून सांगते. टेबल, ताटं, मेणबत्त्या समोर असतात. त्याच वेळी दाराने एक मुलगी बाहेर पडते. माउंट व्हर्ननचं जेवणघर म्हणजे फिलाडेल्फियाचं नव्हे, हे मी स्पष्ट सांगते. तरीही गटातल्या सगळ्यांच्या नजरा आपोआप दाराकडे जातात.

तीन दिवसांनी फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली. चेहऱ्यावर तीळ-तीळ डाग, काळेभोर डोळे, दाट कुरळे केस, शोधून देणाऱ्याला दहा डॉलर बक्षीस. आणि एक ओळ अशी, की ती जाईल असा संशय नव्हता आणि जावं असं काही कारणही घडलं नव्हतं. कारण घडलं नव्हतं! ओना जज जहाजाने न्यू हॅम्पशरला पोचल्या, तिथे संसार केला, गरिबीत दिवस काढले. वॉशिंग्टन यांनी त्यांना परत आणायचे प्रयत्न मृत्यूच्या वर्षापर्यंत, 1799 पर्यंत, सोडले नाहीत. 1848 मध्ये त्या वारल्या तेव्हाही कायद्याच्या कागदावर त्या कस्टिसांच्या मालमत्तेतच होत्या. पळून गेल्याचा पश्चात्ताप होतो का असं विचारल्यावर त्यांनी ‘नाही, मी मुक्त आहे’ असं उत्तर दिलं होतं.

म्हणून ‘त्या काळी सगळेच’ हे उत्तर माझ्या हातून कधीच सुटलं. त्या काळात ओना जजही होत्या. हर्क्युलिसही होते. ते फेब्रुवारी 1797 मध्ये, वॉशिंग्टन यांच्या वाढदिवशीच, माउंट व्हर्ननहून निघून गेले. काही आठवड्यांनी पुढे फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलीप तिथे पाहुणा आला. त्याच्या नोकराने हर्क्युलिस यांच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, बाबा आता दिसणार नाहीत, वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, मला तर फार आनंद झालाय, कारण ते आता मुक्त आहेत. लुई फिलीपच्या रोजनिशीत हे आहे. ‘त्या काळाच्या नजरेने बघा’ असं कुणी म्हटलं, की मी विचारते: त्या काळातल्या कुणाच्या नजरेने?

आणि मालकवर्गातही सगळे एका माळेचे नव्हते. 1782 मध्ये व्हर्जिनियाने मालकांना खासगीरीत्या गुलाम मुक्त करायची मुभा दिली. रॉबर्ट कार्टर (तिसरे) या व्हर्जिनियातल्याच बड्या जमीनदारांनी 1791 मध्ये लेखी दस्तऐवज करून साडेचारशेहून जास्त माणसांना टप्प्याटप्प्याने सोडायला घेतलं. संस्थापकांपैकीच बेंजामिन फ्रँकलिन यांनी स्वतः गुलाम ठेवले होते. उतारवयात ते गुलामीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि 1790 मध्ये गुलामीविरुद्ध काँग्रेसकडे अर्ज केला. चौथे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे चिटणीस राहिलेले एडवर्ड कोल्स 1814 मध्ये तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना लिहितात, गुलामी संपवायला तुम्ही पुढाकार घ्या. जेफरसन उत्तर देतात, हे काम तरुणांचं आहे. कोल्स 1819 मध्ये आपली माणसं घेऊन निघाले, ओहायो नदीत बोटीवर त्यांना सांगितलं की तुम्ही मुक्त आहात, आणि पुढे ते इलिनॉयचे गव्हर्नर झाले. म्हणजे वाट होती. महाग होती, पण होती. वॉशिंग्टन त्या वाटेवर शेवटी काही पावलं चालले, जेफरसन जवळपास नाहीच, आणि मॅडिसन यांनी मृत्युपत्रातही एकालाही सोडलं नाही. ‘संस्थापक’ म्हणून सगळ्यांची मोट बांधू नका. मुलांना ही प्रतवारी बरोबर कळते.

सहावीतल्या मुलांना आणखी एक गोष्ट विलक्षण भिडते: कवळी. वॉशिंग्टनना लाकडी दात होते असं मुलं शाळेतून ऐकून येतात. लाकूड नव्हतंच. माउंट व्हर्ननच्या संग्रहालयात त्यांची एक कवळी काचेत ठेवली आहे: शिसं, हस्तिदंत, जनावरांचे दात आणि माणसांचे दात. आणि मे 1784 च्या हिशेबवहीत नोंद आहे, ‘नीग्रोंना 9 दातांबद्दल’ सहा पौंड दोन शिलिंग. तेच दात याच कवळीत आहेत असं सिद्ध करता येत नाही, आणि मुलांना मी तसं सांगतही नाही. पण ती काच आणि ती नोंद शेजारी-शेजारी ठेवली, की जिभेने आपापले दात चाचपत मुलं गप्प उभी राहतात.

आता आई-बाबांकडे वळते. त्यांचा प्रश्न मुलीसारखा नसेल. दोन वर्षांपूर्वी एका गटात सोलापूरच्या एक आजी होत्या. गुलामांच्या खोलीत फळीवर हात फिरवून म्हणाल्या, ‘म्हणजे घरचे गडी-नोकरच ना हे? आमच्या माहेरीही होते.’ मी त्यांना विचारलं, तुमच्या माहेरचा गडी काम सोडून गेला तर? म्हणाल्या, जायचाच की, सुगी झाली की जायचा. मग मी दहा डॉलरची जाहिरात मराठीत वाचून दाखवली. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘बटकी होत्या म्हण की. पेशव्यांच्या वेळच्या.’ त्यांनी नेमका शब्द शोधला होता. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत. आपल्याकडे ‘बटकी’ हा शब्द शिवी म्हणून उरला आणि त्यामागच्या बायका विसरल्या गेल्या. आई-बाबांना समजावताना ‘नोकर’ हा शब्द तेवढा टाळा, बाकीचं त्यांना जमेल.

कारण हाच शब्द अमेरिकेनेही फार काळ वापरला. माउंट व्हर्नन सरकारी नाही. 1853 मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या संस्थेने 1858 मध्ये ते विकत घ्यायचा करार केला आणि आजही तीच ते चालवते. त्यांनी 1929 मध्ये गुलामांच्या दफनभूमीवर एक दगड बसवला. वॉशिंग्टन कुटुंबाच्या ‘निष्ठावान कृष्णवर्णी नोकरांच्या’ स्मरणार्थ, असं त्यावर लिहिलंय. 1983 मध्ये जवळच दुसरं स्मारक झालं, हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रचलेलं, मधेच तुटलेला करड्या दगडाचा खांब. त्यावर ‘गुलाम’ हा शब्द आला. 2014 पासून तिथे वरची माती हलक्या हाताने बाजूला करून कबरींच्या जागा शोधल्या गेल्या, कबरी न उघडता. 2016 मध्ये वाड्याच्या संग्रहालयात या माणसांच्या आयुष्यांवर मोठं प्रदर्शन झालं, एकेकाच्या नावाने.

मॉन्टिसेलोचा, म्हणजे जेफरसन यांच्या घराचा, प्रवास याहून अवघड. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत’ असं लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यभरात सहाशेवर माणसं मालकीत ठेवली. सॅली हेमिंग्ज त्यांतल्या एक, जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीच्या सावत्र बहीण. चौदाव्या वर्षी त्या पॅरिसला गेल्या, तिथे मुक्त होऊ शकल्या असत्या. होणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षी मुक्त करण्याचं वचन घेऊन त्या परतल्या, असं त्यांचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज यांनी 1873 मध्ये छापून सांगितलं. शंभर वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. सॅली जिथे राहत असाव्यात असं मानलं जातं त्या खोलीत 1941 मध्ये पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधलं गेलं. 1998 मध्ये डीएनए चाचणी झाली, 2000 मध्ये मॉन्टिसेलोच्या संस्थेने स्वतःच्या अभ्यासाअंती मान्य केलं की ही मुलं जेफरसन यांचीच असण्याची दाट शक्यता आहे, आणि 2018 मध्ये सॅली यांच्या नावाची खोली लोकांना खुली झाली. त्यांचं एकही चित्र अस्तित्वात नाही. त्यामुळे तिथे चेहरा नाही, भिंतीवर सावली आहे. तुमच्या मुलीला सध्या इतकं पुरे: ‘त्या त्यांच्या मुलांची आई होत्या, आणि कायद्याने त्यांची मालमत्ताही. नाही म्हणायचा हक्क त्यांना नव्हता.’ पुढचं ती स्वतः विचारेल, तेव्हा सांगा.

मॉन्टिसेलोत मुलांना मी पीटर फॉसेट सांगते. तो तुमच्या मुलीच्या वयाचा होता. बाप जोसेफ फॉसेट लोहार, जेफरसन यांच्या मृत्युपत्रात मुक्त झालेल्या पाच जणांपैकी एक. आई ईडिथ मॉन्टिसेलोच्या मुख्य स्वयंपाकीण, त्या आणि मुलं मुक्त झाली नाहीत. जेफरसन 4 जुलै 1826 ला वारले, डोंगराएवढं कर्ज ठेवून. जानेवारी 1827 च्या थंडीत घराच्या हिरवळीवर 130 माणसांचा लिलाव पुकारला गेला. पीटर अकरा वर्षांचा. आपण गुलाम आहोत हे न कळताच वाढलो आणि अचानक चौथऱ्यावर उभं करून परक्यांना विकलो गेलो, असं त्यांनी म्हातारपणी सांगितलं. वडील लोहारकाम करून एकेक माणूस विकत घेऊन सोडवत राहिले. पीटर यांची सुटका व्हायला वीसेक वर्षं गेली. पुढे ते सिनसिनाटीत केटरर आणि धर्मोपदेशक झाले, पळून आलेल्यांना मदत करत राहिले. 1900 मध्ये, पंचाऐंशीच्या घरात असताना, ते मॉन्टिसेलोला परत आले आणि या वेळी पुढच्या दाराने आत गेले. 1993 पासून मॉन्टिसेलो अशा कुटुंबांच्या वंशजांच्या आठवणी गोळा करतंय. त्या नसत्या तर लिलावानंतरच्या पुष्कळ गोष्टी आपल्यापर्यंत आल्याच नसत्या.

मॅडिसन यांच्या माँटपेलिअरला वेळ झाला तरच जा, लांब पडतं. पण तिथल्या तळघरातली वीट बघण्यासारखी आहे, ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे तसेच भाजले गेलेत. आणि तिथलाच वाद सांगण्यासारखा आहे. 2021 मध्ये विश्वस्त मंडळात गुलामीतल्या माणसांच्या वंशजांना निम्मा वाटा द्यायचं ठरलं. 2022 मध्ये मंडळाने शब्द फिरवला, त्यावर बोलणाऱ्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांना काढलं, देशभर ओरड झाली, आणि मे महिन्यात वंशजांनी सुचवलेले अकरा जण मंडळावर आले. आठवण कुणी सांगायची, हा प्रश्न सगळ्या पाट्यांच्या आणि प्रदर्शनांच्या मुळाशी आहे.

सध्या तो फार तापलेला आहे, हे तुम्हालाही दिसत असेल. 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलच्या सभागृहातून जेफरसन यांचा पुतळा हलवून ऐतिहासिक संस्थेत नेला गेला. मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने राष्ट्रीय स्मारकांवरच्या मजकुराची तपासणी सुरू झाली. फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या जागेवर 2010 पासून ओना जज, हर्क्युलिस यांच्यासह नऊ जणांची गोष्ट सांगणारे फलक होते. जानेवारी 2026 मध्ये ते उतरवले गेले आणि शहर न्यायालयात गेलं. आणि हेच वर्ष स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं 250वं. माझं मत लपवत नाही: पुतळा हलवला तर तो कुठे तरी दिसतोच, फलक उतरवला की नावच जातं. दोन्हींना एकच माप लावणं मला पटत नाही.

दगडावर कोरलेलंही अर्धवट असू शकतं. वॉशिंग्टनमधल्या जेफरसन स्मारकात, 1943 चं आहे ते, आतल्या भिंतीवर त्यांचं वाक्य आहे: नियतीच्या ग्रंथात याहून निश्चित काही लिहिलेलं नाही, की ही माणसं मुक्त होणार. पाहुणे हात जोडल्यासारखे वाचतात. आत्मचरित्रात याच्या लगेच पुढे लिहिलंय: आणि हेही तितकंच निश्चित, की हे दोन्ही वंश सारखेच स्वतंत्र होऊन एका राज्याखाली राहू शकत नाहीत. भिंतीवर ते नाही. मी दोन्ही वाक्यं वाचते, मग पाहुण्यांना पाच मिनिटं मोकळं सोडते.

राहिला तुमचा संकोच. तुम्ही शपथ घेतलीत ती राज्यघटनेची, कुठल्या माणसाची नाही. 1787 च्या मूळ घटनेत गुलामीला संरक्षण देणारी कलमं आहेत, पण ‘गुलामी’ हा शब्द शोधून सापडत नाही. लिहिणाऱ्यांनी तो टाळला. तो शब्द घटनेत पहिल्यांदा येतो तेराव्या दुरुस्तीत, 1865 मध्ये, गुलामी संपवतानाच. तीही दुरुस्ती तुमच्या शपथेत आहे. गुलामीतून पळून आलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी 5 जुलै 1852 ला रोचेस्टरमध्ये विचारलं होतं, गुलामाला तुमच्या चार जुलैचं, तुमच्या स्वातंत्र्यदिनाचं, काय? त्याच भाषणात त्यांनी जाहीरनाम्यातली तत्त्वं वाचवणारी म्हटली आणि त्यांना धरून राहा असं सांगितलं. देश आपला मानूनच ते बोलत होते.

आणि मराठी माणसाला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ छापली, तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना आहे, काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. मॅडिसन हेमिंग्ज यांनी आईची गोष्ट छापून आणली तेही 1873. पुण्यात बसून जोतीरावांनी अमेरिकेतली जी माणसं आपली मानली, ती गुलामी मोडणारी होती. तुमच्या बाबांना हे नक्की सांगा. साताऱ्याचे आहेत, आणि जोतीरावांचं मूळ गाव कटगुण त्याच जिल्ह्यातलं.

मुलीला थेट उत्तर हवंच असेल तर मी असं देते: ‘वॉशिंग्टन शूर होते, सत्ता हातात असून सोडणारे होते, आणि पळून गेलेल्या ओना जज यांना परत आणायचे प्रयत्न त्यांनी मरेपर्यंत सोडले नाहीत.’ मधे ‘पण’ घालू नका, ‘आणि’ म्हणा. ‘पण’ म्हटलं की आधीचं किंवा नंतरचं, एक काहीतरी पुसलं जातं.

जाताना वाड्यापासून सुरू करू नका. सकाळी लवकर पोचा, सरळ खाली वॉशिंग्टन यांच्या समाधीकडे जा, तिथून थोडं पुढे झाडीत ती दोन स्मारकं आहेत. परतताना चढ आहे, आईंना दमाने घ्या. मुलीला आधी 1929 चा दगड मोठ्याने वाचायला सांगा, मग 1983 चा, आणि आजी-आजोबांसाठी तिलाच मराठी करू द्या. ‘सर्व्हंट’ला ती काय शब्द वापरते, ‘फेथफुल’वर अडते का, ते बघा. मदत लगेच करू नका. मग वर वाड्याकडे या. जेवणघरात पोचलात की 21 मेची गोष्ट सांगा. जाऊन आल्यावर तिने पुढे काय विचारलं, ते मला जरूर लिहून कळवा.